हातातला गिअर आणि पेटीतला गिअर

बीड जिल्ह्याच्या अंगावरून बालाघाटची डोंगररांग गेली आहे. तिच्या उत्तरेस गोदाकाठचा सखल प्रदेश, दक्षिणेस पठार. एका भागातून दुसऱ्या भागात जायचे म्हणजे मांजरसुंब्याचा, धारूरचा, कोणता ना कोणता घाट लागतोच. परळी वैजनाथला निजामाच्या अमदानीतच आगगाडी आली. परंतु बीड शहराला ती पाहायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या साऱ्या काळात या जिल्ह्याचा बाजार, दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नकार्य आणि दरवर्षी ऊसतोडणीला बाहेर पडणारी कुटुंबे, हे सगळे मोटारीच्या चाकावर चालले. आणि मोटार घाट चढते ती नुसत्या इंजिनाच्या बळावर चढत नाही. इंजिनाचे बळ सपाटीवर असते तेवढेच चढावर असते. घाट चढवतो तो गिअर.

या गिअरची गोष्ट मी आज सांगणार आहे. विषय वरवर रुक्ष दिसेल. पण गेल्या दहाबारा वर्षांत क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आपल्या गल्लीबोळांत आल्या आहेत, आणि मोठ्या शहरांत वापरून झालेल्या जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन येणारेही पुष्कळ आहेत. अशी गाडी एके दिवशी हटून बसते. मालक चौकशी करतो, आणि त्याला एकच वाक्य ऐकू येते : "पेटीच बदलावी लागेल." त्या पेटीची किंमत ऐकून तो गाडी विकायला काढतो. हे वाक्य कोठून आले, ते खरे केव्हा असते आणि खोटे केव्हा असते, हे समजायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. गिअर बदलण्याचे कसब ड्रायव्हरच्या हातातून निघाले आणि लोखंडी पेटीत जाऊन बसले, असा हा इतिहास आहे. परंतु कसब कधी नष्ट होत नाही. ते जागा बदलते. पेटीतले कसब आता पेटी उघडणाऱ्याच्या हाती यावयास हवे. ते येऊ द्यायचे की अडवून धरायचे, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

बैलगाडीवाल्याला गिअरचे तत्त्व न शिकवता ठाऊक असते. भरल्या गाडीचा चढ तो सरळ घेत नाही, नागमोडी घेतो. वाट लांबते, पण बैलांवरची ओढ हलकी होते. गिअर हेच करतो. लहान चक्राने मोठे चक्र फिरवले म्हणजे फेरे घटतात आणि जोर वाढतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पुष्कळ फिरते, चाक थोडे फिरते, आणि त्या थोड्या फिरण्यात चढ जिंकण्याची ताकद असते. सपाटीवर जोर नको, वेग हवा. म्हणून वरचा गिअर. इंजिनाला ठरावीक फेऱ्यांतच दम असतो, त्यामुळे ही अदलाबदल सतत करावी लागते. ती कोणी करायची, एवढाच प्रश्न.

हाताचा काळ

हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये आपले मोटार खाते सुरू केले. आरंभी त्यात २७ बसगाड्या होत्या आणि १६६ नोकर. बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५१ मध्ये हे खाते रेल्वेकडून राज्य सरकारकडे गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. आपल्या शेजारच्या मुलखात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. गाडी बेडफर्ड कंपनीची, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावे आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यावीत. परंतु त्या सकाळी गाडीचे ऑइल पाहून, ब्रेक तपासून ती रस्त्यावर सोडणाऱ्या मिस्त्रीचे नाव आपल्या ओठांवर नाही. दुरुस्ती करणारा हात इतिहासात असाच अदृश्य राहिला आहे.

त्या काळच्या बहुतेक जड गाड्यांत गिअर घालणे ही एक विद्याच होती. पेटीतली दोन चक्रे वेगवेगळ्या वेगाने फिरत असत आणि त्यांचे दाते एकमेकांत नेमके बसवायचे असत. घाट चढताना खालचा गिअर घ्यायचा म्हणजे क्लच दाबायचा, दांडा मध्ये आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला हलका झटका देऊन फेरे जुळवायचे, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा पुढे ढकलायचा. एका गिअरसाठी क्लच दोनदा. चुकले तर पेटी कर्कश ओरडे आणि अख्ख्या गाडीला ड्रायव्हरची चूक कळे. घाटात फेरे जुळले नाहीत आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली, तर सगळा भार ब्रेकवर. म्हणून जुने ड्रायव्हर कानाने गाडी चालवत. त्यांच्या डाव्या पायाचा गुडघा आणि डाव्या हाताचा खांदा पेन्शनीच्या वयात काय बोलतो, ते आम्हा मोटार कामगारांत काम करणाऱ्यांनी पुष्कळ ऐकले आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला आणि दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली गेली. त्या आठ तासांत क्लच किती वेळा दाबायचा, हे मात्र कोणत्याही कायद्याने मोजले नाही.

ही मेहनत कमी करण्याची धडपड मोटारीइतकीच जुनी आहे. फोर्डची प्रसिद्ध टी मोटार १९०८ साली आली. तिच्यात गिअरची चक्रे सरकवावी लागत नसत. मध्ये एक चक्र, त्याभोवती फिरणारी लहान चक्रे, जणू सूर्य आणि ग्रह, अशी रचना होती. बाहेरच्या ढोलाला पट्ट्याने आवळून धरले म्हणजे गिअर बदले, आणि पट्टा आवळायचा तो पायाने. पट्ट्याला सुती अस्तर असे. ते झिजले की शेतकरी मालक स्वतः झाकण उघडून स्क्रू आवळी. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या रचनेतून पुढे स्वयंचलित पेटी जन्माला आली, ती रचना आरंभी सामान्य माणसाच्या आटोक्यातली होती.

तेलाचा काळ

दुसरा धागा समुद्रावरून आला. जर्मनीत स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात हेर्मान फ्योटिंगर हा अभियंता काम करी. वाफेचे चक्र फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, ही त्याची अडचण. त्याने १९०५ मध्ये तेलातून जोर पोहोचवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. ती घरी करून पाहता येते. दोन टेबल-पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसरा त्या वाऱ्याने आपोआप फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद भांड्यात ठेवा. झाला तेलाचा क्लच. दोन पंख्यांमध्ये तिसरे चक्र बसवून परत येणारे तेल योग्य दिशेने वळवले, तर जोर वाढतोसुद्धा. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंग्लंडमध्ये डेमलर कंपनीने १९३० साली हा तेलाचा क्लच आणि विल्सन नावाच्या अभियंत्याची ग्रहचक्रांची पेटी यांची जोडी जमवली. ड्रायव्हरने पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की फक्त पेडल दाबायचे. त्या दशकात लंडनच्या बसगाड्यांत असल्या पेट्या बसल्या. आपोआप गिअर म्हणजे श्रीमंतांची चैन, असे आपल्याकडे पुष्कळ दिवस समजत. लंडनमध्ये ती सोय सार्वजनिक बस हाकणाऱ्या मजुराच्या हातापायांना मिळाली होती, हे आपण विसरू नये.

निवडीचे कामही यंत्रावर सोपवले ते अमेरिकेत. जनरल मोटर्समधील अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने १९२८ साली कॅडिलॅक गाडीत दात्यांचे फेरे आपोआप जुळवणारी पेटी आणली होती. त्याच्याच पुढाकाराने १९३९ साली ओल्ड्समोबाइल गाडीत हायड्रामॅटिक नावाची पेटी आली. हिच्यात क्लचचे पेडलच नव्हते. गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा तेलाचा एक दाब आणि ॲक्सिलरेटर दाबण्याप्रमाणे वाढणारा दुसरा दाब, हे दोन्ही एका लहानशा सरकत्या खिळीच्या दोन टोकांवर येतात. ज्याचा जोर अधिक त्याच्या मताप्रमाणे खिळी सरकते, तेलाची एक वाट बंद होते, दुसरी उघडते आणि गिअर बदलतो. जुना ड्रायव्हर कानाने आणि पायाच्या तळव्याने जो हिशेब करी, तोच हिशेब हे तेल करते.

दुसऱ्या महायुद्धात ही पेटी एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसवली गेली. हे रणगाडे युद्धानंतर भारतीय सैन्यात होते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, साडेअकरा हजार फुटांहून उंच असलेल्या झोजिला खिंडीत, सातव्या कॅव्हलरीचे हे रणगाडे जनरल थिमय्यांच्या योजनेप्रमाणे चढले. त्यांचे बुरूज उतरवून ते गुपचूप वर आणले होते आणि मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची वाट रुंद करून दिली होती. रणगाडा त्या उंचीवर चढेल अशी शत्रूची कल्पनाही नव्हती. एस.टी.ची पहिली गाडी हाताच्या गिअरवर निघाली ते हेच वर्ष आणि मराठवाडा मुक्त झाला तेही हेच वर्ष. त्याच वर्षी आपोआप गिअर बदलणारी पेटी हिमालयाचा घाट चढली.

या पेटीच्या इतिहासात एक आगही आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना होता. १२ ऑगस्ट १९५३ रोजी तेथे कंत्राटी कामगार गॅसच्या ज्योतीने लोखंड कापत असताना ठिणगी तेलाच्या पन्हाळीत पडली. छतावरचे डांबर वितळून पेटले, इमारत कोसळली आणि कामगार प्राणांस मुकले. तोपर्यंतच्या औद्योगिक आगींत ही सर्वांत मोठ्या नुकसानीची आग मानली गेली. कॅडिलॅक, ओल्ड्समोबाइल, पाँटिअॅक या गाड्यांना पेट्याच मिळेनात. दुसऱ्या जातीच्या पेट्या बसवून कशीबशी वेळ मारून न्यावी लागली आणि नवा कारखाना विलो रन येथे दोन-अडीच महिन्यांत चालू करावा लागला. ज्वाला, तेल आणि सुरक्षेची ढिलाई यांची गाठ पडली की काय होते, हा त्यातला एक धडा. दुसरा असा, की ज्या वस्तूचे ज्ञान आणि पुरवठा एकाच ठिकाणी कोंडलेला असतो, ती वस्तू वापरणारा सदैव परस्वाधीन असतो. या दुसऱ्या धड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पेटी महाराष्ट्रात येते

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला अमेरिकन गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबईत उतरलेल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांपैकी काहींत आपोआप गिअरची पेटी होती. पुढे परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर बंधने आली आणि या पेट्यांचे सुटे भाग मिळेनात. काही गाड्यांची पेटी काढून तिच्या जागी हाताचा साधा गिअर बसवला गेला. भाग नसला की विद्याही कुजते. एक अख्खी पिढी या पेटीला हात न लावता निवृत्त झाली.

सामान्य माणसाच्या हाती आपोआप चालणारे वाहन आले ते दुचाकीच्या रूपाने. कायनेटिकची लूना १९७२ ची. नगरला बनलेली, गिअर नसलेली. त्यानंतर १९८४ मध्ये कायनेटिक होंडा स्कूटर आली. तिच्यात दोन पसरट चाकांवर चालणारा रबरी पट्टा होता. वेग वाढला की चाकांच्या फटी कमी-जास्त होत आणि पट्टा वर-खाली सरके. म्हणजे गिअर पायरीपायरीने बदलण्याऐवजी उतरणीसारखा अखंड बदले. लहान गावांतल्या कित्येक शिक्षिका आणि परिचारिका क्लच-गिअरची धास्ती न बाळगता स्कूटर चालवू लागल्या, आणि आपल्या मिस्त्रींनी तो पट्टा आणि त्यातले चपटे झालेले रोलर बदलायचे काम थोड्याच दिवसांत आत्मसात केले. कारण भाग बाजारात मिळत होते आणि झाकण चार बोल्टांचे होते. शिकण्याची संधी मिळाली तर आपला मिस्त्री मागे राहत नाही, याचा हा पुरावा.

चारचाकीत हे लोण २०१४ साली आले. मारुतीने सेलेरिओ गाडीत स्वस्त आपोआप गिअर दिला. या जातीत पेटी जुनीच, क्लचही जुनाच; फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा सरकवणारा हात तेवढा यंत्राचा. तेव्हापासून "ऑटोमॅटिक" हा शब्द बीडच्या गॅरेजांतही रोजचा झाला.

निदान

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाडी हटून बसली, तर काय पाहावे? वैद्याने नाडी न पाहता शस्त्रक्रिया सांगितली तर आपण दुसऱ्या वैद्याकडे जातो. पेटीच्या बाबतीतही निदानाचा एक क्रम आहे : आधी बाहेर, मग आत; आधी स्वस्त, मग महाग.

पहिला प्रश्न, पेटी कोणत्या जातीची. यंत्राच्या हाताने चालणारी साधी पेटी असेल, तर झिजलेली क्लच प्लेट, यंत्रहाताचे तेल, एखादा सेन्सर किंवा नुसती मरगळलेली बॅटरीसुद्धा गाडी अडवते. बॅटरी न तपासता पेटीला दोष देणे म्हणजे दिव्यात तेल नसताना वातीला बोल लावणे. पुढे जे सांगतो ते टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या पेटीबद्दल.

दुसरे, मालकाची हकिगत. गाडी थंड असताना अडते की गरम झाल्यावर? पुढे जात नाही की मागे? दांडा टाकल्यावर गाडी उशिरा झटका देते, की इंजिन ओरडते आणि चाक मात्र हलत नाही? फक्त मागचा गिअर गेला असेल, तर दोष त्या गिअरच्या क्लचमध्ये किंवा पट्ट्यात असण्याचा संभव अधिक. सगळेच गेले असतील, तर संशय तेलावर, पंपावर आणि दांड्याच्या जोडणीवर.

तिसरे, तेल. या पेटीत तेल हेच रक्त. पातळी कशी पाहायची, इंजिन चालू ठेवून की बंद करून, हे प्रत्येक कंपनी वेगळे सांगते. ते पुस्तकात पाहूनच करावे. चांगले तेल बहुधा तांबडे आणि स्वच्छ असते. काळपट होऊन जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेटा जळत आहेत. गुलाबी दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, कारण पुष्कळ गाड्यांत हे तेल रेडिएटरच्या आतल्या नळीतून थंड होते आणि ती नळी फुटली की दोन्ही एकत्र होतात. तेव्हा नुसती पेटी बदलून उपयोग नाही. रेडिएटर तसाच राहिला तर नवी पेटीही मरेल. पातळी कमी असेल, तर ते कोठून गळते ते शोधावे. तेल पाहण्याआधीच ओतून टाकणारा मिस्त्री आपल्याच हाताने पुरावा पुसतो.

चौथे, बाहेरच्या जोडण्या. ॲक्सिलरेटरपासून पेटीकडे जाणारी केबल, दांड्याची जोडणी, जुन्या काही गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर चालणारी रबरी नळी, नव्या गाड्यांत वायरी आणि तेलाच्या वाटा उघडणारे विजेचे सोलेनॉइड. चिरलेली नळी काही रुपयांची असते आणि तिच्यामुळे गिअर वेळेवर बदलत नाहीत.

पाचवे, दाबाचा गेज. पेटीवर त्यासाठी एक छिद्र ठेवलेले असते. सगळ्या गिअरांत दाब कमी असेल, तर पंप, जाळी किंवा दाब राखणारी खिळी दोषी. एकाच गिअरात कमी असेल, तर त्या क्लचची रबरी सील कडक होऊन गळत आहे. गेज नसलेला माणूस अंदाज करतो. गेज असलेला माणूस सांगतो. याच्याच जोडीला एक परीक्षा आहे : ब्रेक पक्का दाबून, गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर थांबते ते पाहायचे. फेरे फार वाढले तर आत काहीतरी घसरते. फार कमी राहिले तर इंजिनच दुबळे, नाही तर कन्व्हर्टरचे मधले चक्र सैल. ही परीक्षा पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये, कारण सारी ताकद तेल तापवण्यात जाते. आणि गाडीच्या पुढे-मागे कोणाही माणसाला उभे राहू देऊ नये.

शेवटी खालचे पात्र उतरवायचे. तळाच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज. पितळी चकचक दिसली तर बुश गेले. काळा चोथा म्हणजे क्लचचे अस्तर. लोखंडाचे तुकडे दिसले, तरच पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही, असे धरावे.

आणि उघडली तरी ती दुरुस्त होते. कडक झालेल्या सील नव्या घालायच्या, नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत ठेवायच्या, त्यांच्यातली फट मापायची, तेलवाटांचा ठोकळा धूळ नसलेल्या जागी धुवायचा आणि त्यातल्या लहान गोळ्या कोठून निघाल्या ते कागदावर मांडून ठेवायचे. थंड करणाऱ्या नळ्या धुतल्या नाहीत, तर जुना चोथा नव्या पेटीत येतो. कन्व्हर्टर पंपाच्या खाचेत पूर्ण बसला नसता बोल्ट आवळले, तर गाडी सुरू होण्याआधीच पंप फुटतो. यातले एकही काम बीडच्या मिस्त्रीच्या बुद्धीपलीकडचे नाही. काम चिकाटीचे, स्वच्छतेचे आणि माहितीचे आहे.

एक सूचना मालकांसाठी. असली बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते करू नये. आतला पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असता चाके फिरली, तर पेटीतले भाग तेलावाचून एकमेकांवर घासतात. अमेरिकेतील सुरुवातीच्या काही पेट्यांत मागच्या बाजूला दुसरा पंप असे, आणि त्या गाड्या ढकलून सुरूही होत. पुढे तो पंप काढून टाकला गेला. जी चाके इंजिनाला जोडलेली, ती उचलून गाडी न्यावी. दुरुस्ती हजारांत होणार की लाखात, हे पुष्कळदा त्या पहिल्या दहा किलोमीटरांत ठरते.

पुस्तक कोणाचे?

इतका साधा क्रम असताना "पेटीच बदला" हे वाक्य का ऐकू येते? काही वेळा ते खरेच असते. पण पुष्कळदा सांगणाऱ्याकडे ना दुरुस्तीचे पुस्तक असते, ना कंपनीचे तपासणी यंत्र, ना सुटा भाग. सील स्वतंत्र मिळत नाही, अख्खी पेटी मिळते. मिस्त्री अडाणी म्हणून असे होत नाही. त्याला अडाणी ठेवण्यात आले आहे.

हे केवळ कामगार चळवळीतल्या माणसाचे गाऱ्हाणे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला, की १४ मोटार कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत. आयोगाने त्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या आकड्यावर वाद लांबला. पण मिस्त्रीच्या हाती पुस्तक का नाही, याचे उत्तर त्या निकालात लिहिले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारी होत्या, मोबाइल आणि घरगुती उपकरणे होती, तशीच शेतीची अवजारेही होती. ट्रॅक्टरवर ज्याचे पोट आहे, त्याने हा प्रश्न मोटारवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये.

काळ तर आणखी पुढे गेला आहे. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीनंतर बरोबर ७४ वर्षांनी, त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची शिवाई ही विजेची बस धावली. तिच्या ड्रायव्हरला क्लच नाही, गिअर बदलणे नाही. विजेची मोटार थांबल्या जागेपासूनच पुरा जोर देते, म्हणून अदलाबदलीची गरजच उरत नाही. त्या ड्रायव्हरचा डावा गुडघा म्हातारपणी कमी दुखेल, याचा मला आनंद आहे. यंत्राने माणसाचे कष्ट हलके करावेत, हीच तर आमची मागणी. मात्र किसन राऊतांच्या बेडफर्डमध्ये बिघाड झाला तर डेपोतला मिस्त्री झाकण उघडून आत पाहू शके. शिवाईचा बिघाड संगणकात दिसतो, आणि त्या संगणकाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याच हाती दुरुस्ती. फोर्ड टीचा शेतकरी स्वतः स्क्रू आवळी. तेथून आपण येथवर आलो.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक संस्थेत कापून उघडी केलेली एक स्वयंचलित पेटी मुलांच्या समोर टेबलावर असावी. दुरुस्तीचे पुस्तक मराठीत असावे. दाबाचा गेज आणि तपासणी यंत्र एकट्या मिस्त्रीला परवडत नसेल, तर दहा मिस्त्रींनी मिळून घ्यावे. सहकारावर साखर कारखाने उभे करणाऱ्या या मुलखाला ते अवघड नाही. आणि गाडी घेताना ग्राहकाने एक प्रश्न विचारावा : हिचे सुटे भाग आणि पुस्तक बाहेरच्या गॅरेजला मिळते काय? हा प्रश्न शंभरांनी विचारला तर विक्रेत्याला उत्तर शोधावे लागेल.

धारूरच्या घाटात रात्री अडकलेल्या गाडीला कंपनीचे नाव उपयोगी पडत नाही. तेथे उपयोगी पडतो तो जवळच्या गावातून बॅटरी आणि पान्याची पिशवी घेऊन येणारा माणूस. त्याच्या पिशवीत एक गेज आणि एक पुस्तक घालणे, एवढे काम आपल्या पिढीने करावे.